आठ पावलांचा वाघ आणि चौथीची सहल

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. माझी मुलगी चौथीत आहे आणि मी तिच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाची सदस्य आहे. येत्या जानेवारीत शाळेची सहल दुसऱ्या शहरातील प्राणिसंग्रहालयात जाणार असून सहलीच्या पत्रकात ‘पांढरा वाघ पाहण्याची सुवर्णसंधी’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. मुलगी मात्र जायला तयार नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही सुटीत एका प्राणिसंग्रहालयात गेलो होतो, तेव्हा तेथील वाघ कुंपणालगत एकसारख्या येरझारा घालत होता. तिने त्याची पावले मोजली. आठ पावले, वळण, पुन्हा आठ पावले. घरी आल्यावर तिने विचारले, ‘त्याने काय केलंय म्हणून त्याला कोंडलंय? जंगलात का नाही सोडत?’ मला उत्तर देता आले नाही. माझे सासरे मूळचे पुण्याचे, त्यांचे बालपण तेथील जुन्या प्राणिसंग्रहालयात, पेशवे पार्कात, गेले. ते म्हणतात, ‘आम्ही पिंजऱ्यातला वाघ पाहिला म्हणून आम्हाला वाघाबद्दल काही वाटलं तरी. ही नवी थेरं आहेत.’ माझ्या पतींचे मत अगदी उलट: प्राणिसंग्रहालये बंदच करावीत आणि मुलांना अभयारण्यात न्यावे. शाळेने पालक संघाचे मत मागितले आहे. शाळेला काय सांगू, आणि मुलीला काय सांगू?

— एक आई, नाशिक

उत्तर

प्रिय ताई,

आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांच्या उत्तरांची मुदत सारखी नाही. शाळेला याच पंधरवड्यात काहीतरी कळवावे लागेल; मुलीला द्यायचे उत्तर मात्र ती मोठी होईपर्यंत, तिच्या समजुतीच्या वाढीबरोबर, थोडे थोडे देत राहावे लागेल. म्हणून शाळेपुरते माझे मत आधीच सांगून टाकतो: सहल रद्द करू नये, पण चौथीच्या मुलांना पांढरा वाघ दाखवायला दोन-तीनशे किलोमीटर नेण्याऐवजी निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात न्यावे आणि प्राणिसंग्रहालय दोन-तीन वर्षांनी, वेगळ्या तयारीने दाखवावे. असे का, ते सांगण्यासाठी मात्र मला आपल्या मुलीच्या आठ पावलांपासून सुरुवात केली पाहिजे.

ताई, मुलीने केले ते साधे नाही. एकाच वाटेने, एकाच ठिकाणी वळत, दिसण्याजोगा काही हेतू नसताना चालत राहणे ही बंदिस्त मांसाहारी प्राण्यांत वारंवार आढळणारी वागणूक आहे आणि तिचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही घड्याळ लावून पावले आणि वळणेच मोजतात. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोन संशोधकांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की निसर्गात ज्या मांसाहारी प्राण्याचा वावर जितका विस्तीर्ण, तितक्या त्याच्या बंदिवासातील येरझारा अधिक आणि पिल्ले दगावण्याचे प्रमाणही अधिक. ध्रुवीय अस्वलाला नैसर्गिक अवस्थेत जेवढा कमीत कमी मुलूख लागतो, त्याच्या साधारण दहा लाखाव्या भागाएवढी जागा प्राणिसंग्रहालयात त्याच्या वाट्याला येते, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हा मुलीला ‘तुला उगाच तसं वाटलं’ असे कृपया कोणी म्हणू नये. त्याचबरोबर तिला हेही सांगावे की एका दिवसाच्या मोजणीवरून निकाल देता येत नाही. खाणे येण्याच्या वेळी प्राणी अस्वस्थ फिरतात. शिवाय लहान पिंजऱ्यात वर्षानुवर्षे काढलेल्या प्राण्याला पुढे ऐसपैस जागा मिळाली तरी त्याची जुनी चाल सुटत नाही. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्याकडून खेळ करवून घेण्यावर १९९८ मध्ये बंदी आली आणि सर्कशींतून सोडवलेल्या प्राण्यांसाठी सरकारला निवारा केंद्रे उभारावी लागली; तेथे गेलेल्या कित्येक प्राण्यांना ही खोड घट्ट चिकटलेली होती. आपण पाहिलेल्या वाघाचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नाही, आणि माझ्या मते तेथे खरी उणीव तीच होती: त्याच्या पिंजऱ्यापाशी उभ्या असलेल्या शंभर माणसांपैकी एकालाही तो वाघ कोण, कुठला आणि येथे कसा आला, हे सांगणारी पाटी किंवा माणूस तेथे नसावा. असता, तर मुलीचा पहिला प्रश्न तेथेच सुटला असता.

कारण ‘त्याने काय केलंय’ याचे उत्तर फार अवघड नाही. त्याने काहीही केलेले नाही, आणि बहुधा त्याला कोणी जंगलातून पकडूनही आणलेले नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ मध्ये दुरुस्ती होऊन पुढच्या वर्षी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि तेव्हापासून या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणानुसार केवळ लोकांना दाखवण्यासाठी जंगलातून प्राणी पकडता येत नाहीत. मान्यताप्राप्त प्रजनन कार्यक्रमासाठी लागणारे मोजके प्राणी हा त्याला अपवाद. म्हणजे आज कुंपणाआड दिसणारा वाघ एक तर तेथेच किंवा दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेला असतो, नाही तर जखमी, अनाथ किंवा माणसांशी संघर्षात सापडलेला असतो.

‘जंगलात का नाही सोडत’ हा मात्र खरोखर कठीण प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्या मुलीला वाघापेक्षा बिबट्यावरून समजावून देणे सोपे जाईल.

निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत बिबट्या ही कोणाला कौतुकाने सांगायची गोष्ट राहिलेली नाही. ऊस उभा असतो तोवर फड हेच त्याचे जंगल असते. मादी तेथेच विते आणि तोडणी सुरू झाली की ऊसतोड मजुरांच्या कोयत्यासमोर एखाद्या सरीत मांजराएवढी पिल्ले दिसतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशी पिल्ले उचलून आणली जात आणि पुढचे सारे आयुष्य पिंजऱ्यात काढीत. आता वनखात्याचे लोक आणि पशुवैद्यक पिल्लांची तपासणी करून ती एका क्रेटमध्ये ठेवतात, संध्याकाळी नेमक्या त्याच जागी नेऊन ठेवतात आणि दूर सरकून थांबतात. पुष्कळदा अंधार पडल्यावर मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. आपल्या मुलीला हे जरूर सांगा. पिंजऱ्यात जाऊ शकणारे आयुष्य पिंजऱ्याबाहेर ठेवण्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर घडत असते.

पण मोठ्या बिबट्याचे तसे होत नाही. जुन्नर भागात २००१ पासून पुढे बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. ऐकायला हे अगदी योग्य वाटते; आपल्या पतींना आणि मुलीलाही वाटेल. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर या साऱ्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की त्यापूर्वी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत, ते या मोहिमेनंतर सतराच्या घरात गेले, आणि ज्या जंगलांजवळ हे बिबटे सोडले गेले तेथेही हल्ले सुरू झाले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या तेथे थांबत नाही. तेथे आधीपासून दुसऱ्याचे राज्य असते, याला पाणवठे माहीत नसतात आणि तो आपल्या मूळ जागेच्या दिशेने चालू लागतो. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातील एका विहिरीतून काढून, गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर बसवून माळशेज घाटात सोडलेला एक म्हातारा नर, ज्याला संशोधकांनी ‘आजोबा’ हे नाव दिले होते, महामार्ग, रेल्वेमार्ग आणि खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. त्या साऱ्या वाटेत त्याने कोणाला इजा केली नाही, हे मुलीला आवडेल. पण जंगल म्हणजे रिकामे घर नसते आणि कोणालाही तेथे नेऊन सोडता येत नाही, हे तिला त्याच गोष्टीतून कळेल. बंदिवासात जन्मलेल्या वाघाची अडचण तर आणखी मोठी. वाघाचा बच्चा दीड-दोन वर्षे आईबरोबर राहून शिकार शिकतो आणि माणसापासून लांब राहायलाही शिकतो. ते शिक्षण हुकलेला वाघ जंगलात सोडणे म्हणजे त्याला किंवा लगतच्या गावातल्या कोणाला तरी मृत्यूच्या दारात उभे करणे होय.

म्हणून जे परत जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी जुन्नरजवळचे माणिकडोह बिबट्या निवारा केंद्र किंवा बोरिवलीचे बचाव केंद्र अशा जागा आहेत. त्यांना प्राणिसंग्रहालय म्हणू नये. तेथे प्राणी दाखवायला ठेवलेला नसतो, आणि वाहनाच्या धडकेत पाय गमावलेल्या बिबट्याला टाळ्या वाजवणारे प्रेक्षक नकोच असतात.

आता आपल्या पतींचे म्हणणे. अभयारण्य चांगले आणि प्राणिसंग्रहालय वाईट, अशी सरळ वाटणी करता आली असती तर मलाही बरे वाटले असते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले आणि कागदावर त्याचा विस्तार जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. त्यात गावे, शेते, रस्ते, सारे काही आले. पुढे ते क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. या सगळ्या काळात माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या आणि माळढोक महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला. आज या पक्ष्याची उरलीसुरली आशा राजस्थानात जैसलमेर भागात २०१९ पासून चाललेल्या प्रजनन केंद्रावर आहे, जेथे रानातून उचललेली अंडी यंत्रात उबवून पिल्ले वाढवली जातात. ज्या पक्ष्याला हजारो चौरस किलोमीटरचे अभयारण्य वाचवू शकले नाही, त्याचा वंश शेवटी माणसाच्या हाताखाली, जाळीच्या आत टिकून आहे. हे मला मुळीच सुखाचे वाटत नाही, पण ते खरे आहे.

गिधाडांची गोष्ट तर आपल्या दाराशी येऊन थांबते. त्र्यंबकेश्वरच्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात. नव्वदच्या दशकात देशभरातली गिधाडे अशा वेगाने मरू लागली की त्यांच्या तीन जातींची संख्या शेकडा ९५ हून अधिक घटली. कारण कोणालाच उमगत नव्हते. २००४ मध्ये सिद्ध झाले की जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. मात्र गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, तेव्हा बंदी आली म्हणून आकाश लगेच भरत नाही. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने राज्याच्या वनविभागाबरोबर प्रजनन केंद्र चालवले आणि तेथे जन्मलेली काही गिधाडे २०२४ च्या आरंभी आपल्या विदर्भात, पेंच आणि ताडोबा येथे आणून, आधी तेथील हवापाण्याची सवय करवून मोकळी सोडण्यात आली. इकडे हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने गावकऱ्यांच्या साथीने गिधाडांसाठी मेलेली जनावरे उघड्यावर ठेवण्याची जागा केली. लोक तिला ‘गिधाड रेस्टॉरंट’ म्हणतात. पिंजोरचा पिंजरा, खोरीपाड्याची उघडी जागा, औषधावरची बंदी आणि अंजनेरीचा कडा, यांतले एक जरी काढून घेतले तरी बाकीचे तिन्ही लुळे पडतात. आपल्या पतींना मी एवढेच विचारीन की यांपैकी काय बंद करायचे?

मात्र पिंजोरचे केंद्र आणि सहलीच्या पत्रकातले प्राणिसंग्रहालय या दोहोंना एकच नाव देऊन दुसऱ्याने पहिल्याचे पुण्य आपल्या खात्यावर घेणे मला मान्य नाही. परत पाठवण्याचे खरे काम जगात झालेले आहे. अरबस्तानातला ओरिक्स हा कुरंगासारखा प्राणी १९७२ मध्ये निसर्गातून संपला होता. अमेरिकेतील फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात वाढवलेल्या कळपामुळे तो १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परतला. आपल्याकडे सुसरींची अंडी १९७५ पासून गोळा करून लखनौजवळ कुकरैल येथे पिल्ले वाढवली गेली आणि चंबळमध्ये सोडली गेली. ओडिशाच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात १९८० साली सुसरीचे बंदिवासातले पहिले प्रजनन झाले, तेही फ्रँकफर्टहून आणलेल्या नराच्या मदतीने. या कामांना मी मनापासून हात जोडतो. पण कोणत्याही शहरातला कोणताही पिंजरा ‘संवर्धन’ हा शब्द वापरू लागला की आपण विचारावे: येथे जन्मलेल्या किती जीवांच्या पिढ्या परत गेल्या, किंवा जाणार आहेत?

पांढऱ्या वाघाबाबत या प्रश्नाचे उत्तर शून्य आहे. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. तो आपलाच पट्टेरी वाघ, फक्त कातडीचा रंग ठरवणाऱ्या एका जनुकातला फरक. १९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बच्चा पकडला, त्याचे नाव मोहन; पुढे त्याचा संकर त्याच्याच मुलीशी, राधाशी, करून पांढरे बच्चे मिळवले गेले आणि आज जगात ठिकठिकाणी दिसणारे बहुतेक पांढरे वाघ त्या एकाच घराण्यातले आहेत. नात्यातल्या नात्यात केलेल्या या पैदाशीमुळे त्यांच्यात जन्मजात दोष उतरले. प्रेक्षक खेचण्यापलीकडे त्याचा वाघांच्या रक्षणाशी काही संबंध नाही, आणि शाळेने नेमके तेच ‘सुवर्णसंधी’ म्हणून छापावे, याची मला गंमतही वाटली आणि वाईटही वाटले. पालक संघाच्या बैठकीत हा एक मुद्दा आपण शांतपणे मांडलात तर पुरे.

आपल्या सासऱ्यांना मी खोडून काढणार नाही. पुणे महापालिकेने १९५३ मध्ये पेशवे पार्क उभारले तेव्हा मुलांना जिवंत वाघ पाहण्याचा दुसरा मार्गच नव्हता. ना दूरदर्शन, ना सफारी, ना खिशातला फोन. त्या पिढीतल्या अनेकांना तेथेच प्राण्यांची गोडी लागली, हे मी माझ्या घरातही पाहिले आहे. पण त्यांना एकदा निवांत विचारा की पेशवे पार्कातले नेमके काय आठवते. मी पैज लावतो, पहिली आठवेल ती ‘फुलराणी’, १९५६ मध्ये सुरू झालेली ती छोटी आगगाडी. मग वाघाच्या पिंजऱ्याचा उग्र वास. वाघाबद्दल तेथे काय कळले, हे बहुधा आठवणार नाही. पुणेकरांनीही पुढे तेथील अरुंद पिंजरे राखून ठेवले नाहीत. १९९९ नंतर प्राणी कात्रजच्या मोठ्या, झाडोऱ्याच्या उद्यानात हलवले गेले, ते कोणा थेरं करणाऱ्यांच्या आग्रहाने नव्हे.

येथे माझीच एक फजिती सांगतो. मी शिक्षक असताना सत्तर मुलांना घेऊन एका प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. दोन बस, एक शिक्षिका, मी, आणि फाटकापाशी ‘दोन तासांनी इथेच भेटा’ ही सूचना. परत आल्यावर ‘मी पाहिलेले प्राणी’ या विषयावर निबंध लिहून घेतले. सत्तरांपैकी बहुतेकांनी बर्फाच्या गोळ्यावर आणि एका मुलाची टोपी पळवणाऱ्या, कुंपणाबाहेरच्या मोकाट माकडावर लिहिले होते. दोष मुलांचा नव्हता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आलेल्या २,८०० हून अधिक शाळकरी मुलांचा अभ्यास एरिक जेन्सन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांनी भेटीच्या आधी आणि नंतर काढलेली चित्रे ताडून पाहिली तेव्हा, मार्गदर्शक बरोबर असलेल्या मुलांपैकी ४१ टक्क्यांच्या समजुतीत भर पडलेली दिसली आणि नुसतेच फिरून आलेल्यांपैकी ३४ टक्क्यांच्या. म्हणजे मार्गदर्शक असूनही निम्म्याहून अधिक मुले होती तशीच परतली, काही तर चुकीच्या समजुती घेऊन. हे वाचून मला माझे सत्तर निबंध आठवले आणि थोडे हायसेही वाटले.

म्हणून नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिशांच्या काळात कालव्यांसाठी बंधारा बांधला गेला. मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि २०१९ मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या कराराच्या यादीत त्याचे नाव गेले. मला त्यातली सर्वांत शिकवणारी गोष्ट ही वाटते की ही जागा ‘अस्पर्श निसर्ग’ नाही. ती माणसाच्या बंधाऱ्याने, माणसाच्या नकळत झालेली आहे आणि आजही कालव्याचे आवर्तन सुटले की पाण्याची पातळी, आणि तिच्याबरोबर पक्ष्यांची जागा, बदलते. अभयारण्याच्या हद्दीत गावे आहेत, द्राक्षबागा आहेत, मासेमारी करणारी कुटुंबे आहेत. संवर्धन म्हणजे रोजची तडजोड असते, हे चौथीच्या मुलाला व्याख्येने कळणार नाही. पण पाणकोंबड्यांपासून दोनशे फुटांवर उसाला पाणी देणारा शेतकरी दिसला की कळते.

सहलीला जानेवारी हा महिना उत्तम आहे. वाट पाहायची ती पट्टकादंबांची: डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात, हे वर्गात नकाशावर आधी दाखवावे. चक्रवाक, चित्रबलाक, चमच्यासारख्या चोचीचे चमचे आणि वेलींवर पाय टाकत चालणारी जांभळी पाणकोंबडी ही मंडळी सहज दिसतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले तर नशीब. मग एखादा दलदली भोवत्या, पाणथळीवरचा शिकारी पक्षी, पाण्यालगत उडत येतो आणि शेकडो बदके एकदम उठतात. तो आवाज ऐकला की पाहणारे मूल आपोआप गप्प बसते; कोणाला ‘शांत राहा’ म्हणावे लागत नाही. यात आश्वासन मात्र कशाचेच देता येत नाही, आणि मुलांना तेही कळलेले बरे: पक्षी आपल्यासाठी आलेले नसतात.

शाळेला एवढे नक्की सांगा की सगळा वर्ग एकदम नेऊ नये. तीस-तीसच्या तुकड्या करून दोन वेगळ्या दिवशी न्यावे. नाशिकहून पहाटे साडेपाचला निघाले तर ऊन चढण्यापूर्वी पोहोचता येते. चापडगावची स्थानिक मुले दुर्बिणी आणि स्पॉटिंग स्कोप घेऊन वाटाडे म्हणून येतात. त्यांना ठरलेला मोबदला द्यावा, कारण अभयारण्यातून गावात चार पैसे येणे हाही रक्षणाचाच भाग आहे. भडक कपडे नकोत, स्पीकर नको, आणि वेफर्सची पाकिटे तर बसमध्येच राहू द्यावीत.

आणि आपल्या मुलीचे काय? तिला जबरदस्तीने कोठेही नेऊ नका, पण तिच्या मनात ‘प्राणिसंग्रहालय म्हणजे दुष्टपणा’ असा शिक्काही पक्का होऊ देऊ नका. सहावी-सातवीत गेल्यावर, तिची तयारी असेल तेव्हा, कात्रजला घरच्यांबरोबर जा. बुधवारी ते बंद असते, कारण प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस माणसांपासून सुटी देणे नियमाने बंधनकारक आहे, आणि हेच तिला सांगायची पहिली गोष्ट ठरेल. सगळे पिंजरे पालथे घालू नका. तीन प्राणी निवडा आणि प्रत्येकापाशी अर्धा तास बसा. प्राण्याला लोकांच्या नजरेआड जाता येते का, खाणे नुसते समोर टाकले जाते की शोधायला लावले जाते, पाटीवर त्याची हकीकत आहे का, हे तिला वहीत टिपू द्या. देखभाल करणारे कर्मचारी गर्दी नसताना मोकळेपणाने बोलतात, त्यांना तिने स्वतः प्रश्न विचारावेत. कोणी प्राण्याला खडा मारताना किंवा शेंगदाणे टाकताना दिसला तर तो कायद्याने गुन्हा आहे, हे तिला माहीत असावे. आठ पावले पुन्हा दिसली तर पुन्हा मोजू द्या, या वेळी घड्याळ लावून, आणि मोजणी व्यवस्थापनाला पत्राने कळवू द्या. दहा-बारा वर्षांच्या मुलीचे नीटनेटके पत्र कचऱ्याच्या टोपलीत टाकणे मोठ्या माणसांनाही जड जाते.

राहता राहिले आपले सासरे. त्यांना नांदूर मध्यमेश्वरला अवश्य न्या, आणि मुलीच्या शेजारी बसवा. निरीक्षण मनोऱ्याच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नसतील तर काठावरूनही पुष्कळ दिसते. घडीची खुर्ची, कानटोपी आणि थर्मासमध्ये चहा एवढे बरोबर ठेवा. जानेवारीत निफाडची थंडी पुण्यापेक्षा बरीच बोचरी असते.

आपला,
सल्लागार